कोपरा फाडलेलं कार्ड

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात आणि साडेआठला दुसरा भोंगा झाला की पुन्हा सुरू. गावाने ठरवलं, गावाने पाळलं. देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्या भोंग्याच्या निमित्ताने निघालेला वाद अजून मिटलेला नाही. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची दारं बंद केली, तेव्हापासून तर तो साताऱ्या-सांगलीच्या पालकसभांतही हमखास निघतो. एक बाजू म्हणते, मोबाइल काढून घ्या आणि संस्कार करा. दुसरी म्हणते, जग कुठे चाललंय बघा, सहावीपासून कोडिंग शिकवा, कळायला लागलं की पोरं आपोआप शहाण्यासारखी वागतील. एकीला मोबाइल म्हणजे तंबाखू वाटतो, दुसरीला च्यवनप्राश. तो चालतो कसा, याच्याशी दोघींनाही देणंघेणं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संगणकशास्त्र शिकून कुणी सज्जन होत नाही. मात्र ऑनलाइन जबाबदारीने वागायचं तर आपण काचेवर बोट टेकवल्यावर पुढे काय काय घडतं, याचं हिशेबी चित्र डोक्यात असावं लागतं. ते चित्र संस्कारवर्गात मिळत नाही आणि कोडिंग क्लासच्या जाहिरातीतही मिळत नाही. नीट शिकवलेल्या संगणकशास्त्रात मिळतं, तेही फळ्यावर नाही, स्वतःच्या हाताने करून पाहिल्यावर. आज आपल्याकडे जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं या कामाचं नाही, हेही त्यातच आलं.

कोणत्याही साधनाची रीत कुठून येते? भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, किंमत एक पैसा. कार्ड उघडं असतं हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होतं. शिक्का मारणारा वाचू शकतो, पोस्टमन वाचू शकतो, आणि घरात कुणी साक्षर नसेल तर शाळामास्तर ते चारचौघांत मोठ्याने वाचणार. म्हणून कार्डावर खुशाली, पाऊसपाणी, गाडीची वेळ एवढंच लिहायचं. सासरचा जाच, उसनवारी, वाटणीचा तंटा बंद पाकिटात. मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडायचा, म्हणजे हातात घेणाऱ्याला वाचण्याआधीच कळतं. आणि वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. तार शब्दागणिक पैसे घ्यायची, म्हणून तारेची भाषा तुटक झाली. ही सगळी शिस्त कोणत्या पुस्तकात होती? कुठल्याच नाही. टपालाची यंत्रणा लोकांच्या डोळ्यांसमोर चालत होती, तिच्यातूनच रीत तयार झाली.

आजचं टपाल दिसत नाही, सगळी अडचण तिथे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो कुठून कुठे जातो, त्याच्या किती प्रती होतात, त्यात चित्राशिवाय आणखी काय असतं, ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केल्यावर नक्की काय पुसलं जातं आणि काय उरतं, यातलं काहीच साध्या डोळ्यांना कळत नाही. मग रीत तयार होणार कशातून? वरून उपदेश होतो, आणि उपदेशाला कारण जोडलेलं नसलं की तो पहिल्याच वळणावर सुटतो. संगणकशास्त्राचं काम इथे फार साधं आहे. ते न दिसणारं टपाल दिसायला लावतं.

एक अर्ध्या तासाचं प्रॅक्टिकल घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू करून कॉलेजच्या आवारात एक फोटो काढायचा. केबलने तो लॅबच्या मशीनवर घ्यायचा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. खाली सरकलं की जीपीएस नावाचा रकाना येतो. सांगलीत काढलेला असेल तर अक्षांश १६ अंश ५१ मिनिटांच्या आसपास आणि पुढे सेकंद, तेही दशांशात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. त्याचा दहावा भाग तीन मीटर. म्हणजे गल्ली राहू द्या, घर कोणतं हे कळतं. आता तोच फोटो मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा पाठवायचा, एकदा फोटो म्हणून आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून. दोन्ही पुन्हा मशीनवर घेऊन तेच रकाने उघडायचे. फोटो म्हणून गेलेल्या प्रतीत जागेची माहिती उरलेली नसते, कारण अ‍ॅप चित्र दाबून लहान करताना ती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून गेलेली प्रत मूळ फाइलच असते, सगळ्या तपशिलांसकट. ‘क्वालिटी चांगली राहते म्हणून डॉक्युमेंट पाठव’ हा सल्ला आपण रोज देतो. तो देताना आपण आणखी काय पाठवतोय हे ज्या मुलीने एकदा स्वतः पाहिलं, तिला ‘खासगीपणा जपा’ असं वेगळं सांगावं लागत नाही. कोणता फोटो कसा पाठवायचा हे ती स्वतःच ठरवू लागते, आणि मैत्रिणीचा फोटो पुढे पाठवतानाही थबकते. पोस्टकार्डवाल्यांना जे आयतं दिसत होतं, ते तिला एका राइट क्लिकने दिसलेलं असतं.

आता विरोधी मुद्दे. ते कच्चे नाहीत.

पहिला आणि सगळ्यांत वजनदार: मोठे संगणकी गुन्हे शिकलेल्यांनीच केले. खरं आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर जो पहिला गाजलेला किडा, म्हणजे यंत्रायंत्रांत स्वतःच्या प्रती बसवत पसरणारा प्रोग्रॅम, सुटला, तो सोडणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होता. वडील युनिक्स या संगणकप्रणालीच्या पासवर्ड-सुरक्षेतले जाणकार. शिक्षणही होतं, घरही त्यातलंच. तेव्हा इंटरनेटला जोडलेली यंत्रं अंदाजे ६०,०००, त्यातली ६,००० च्या घरात आडवी झाली. पण त्या प्रोग्रॅममध्ये नेमकं काय चुकलं ते बघा. नव्या यंत्रावर पोचला की तो विचारायचा, इथे माझी प्रत आधीच आहे का? ‘आहे’ असं उत्तर आलं की थांबायचं. मॉरिसला शंका आली की एखादा हुशार ऑपरेटर मुद्दाम खोटं ‘आहे’ सांगेल. म्हणून त्याने ठरवलं, सातातून एकदा उत्तर काहीही येवो, प्रत बसवायचीच. एकास सात हे प्रमाण कागदावर सौम्य दिसतं. पण एकाच यंत्राला शेजारची यंत्रं पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. प्रतीवर प्रत बसत गेली आणि यंत्र स्वतःच्याच ओझ्याखाली दबलं. मॉरिसचं म्हणणं मोडतोड करायची नव्हती असं होतं. १९९० मध्ये शिक्षा झाली ती तीन वर्षं देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. त्याच्या सज्जनपणाची वकिली मला करायची नाही. दुसऱ्याच्या यंत्रात न विचारता शिरणं ही चूक आधीचीच. पण नुकसान एवढं मोठं झालं ते एक प्रश्न न विचारल्यामुळे: ‘हा प्रश्न किती वेळा विचारला जाईल?’ तो प्रश्न नीतिपाठात येत नाही, तो अल्गोरिदमच्या तासाला येतो.

मिराईचं उदाहरण याहून कडू आहे. २०१६ मध्ये तीन तरुण अमेरिकनांनी, त्यात एक रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी, जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर काबीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. इथे हेतूच वाईट होता. स्पर्धकांचे गेमिंग सर्व्हर पाडून पैसा करायचा. त्यांना ज्ञान कमी नव्हतं, लोभ जास्त होता, आणि लोभावर संगणकशास्त्रात औषध नाही. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. फक्त त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. मिराईने कुलूप फोडण्याची कुठलीही अद्भुत युक्ती केली नव्हती. कारखान्यातून येणारी नाव-पासवर्डची साठेक जोड्यांची यादी होती, ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाची, आणि ती एकेक करून लावून बघायची. ती चालली, कारण लाखो मालकांनी ती कधी बदललीच नाही. आज सांगलीच्या मार्केट यार्डातला एखादा हळदीचा व्यापारी गोदामावर कॅमेरे बसवून घेतो, बसवणारा पोरगा पासवर्ड तोच ठेवून निघून जातो, आणि ते कॅमेरे कुठल्या तरी दूरदेशीच्या सर्व्हरवर हल्ला करत बसतात. व्यापाऱ्याला काही जाणवत नाही. फार तर नेट जरा सावकाश चालतं. बिघडलेले तीन आणि बेफिकीर लाखो. शिक्षणाने त्या तिघांना वळवलं असतं की नाही, यावर वाद घालत बसण्यात हशील नाही. त्या लाखोंसाठी काय केलं, हे विचारा.

दुसरा मुद्दा संस्काराचा. माणूस मुळात चांगला असेल तर ऑनलाइनही चांगलाच वागेल. संगणक न शिकलेली आजी कुणाची बदनामी करत नाही आणि बी.ई. झालेला नातू खोट्या नावाने शिव्या देतो. हे दृश्य घरोघर आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र चांगुलपणा पुरत नाही याचे दाखले आपल्या दारातच आहेत. १३ सप्टेंबर २०२२ ला जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मारहाण झाली. रस्ता विचारत होते. मुलं पळवणारी टोळी असल्याचा संशय आला. त्याच्या चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच संशयावरून जमावाने ठार मारलं. त्यांतल्या बहुतेकांची घरं आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडची. मारणाऱ्यांचा संस्कार कोणता होता? लेकरांना जपा. याहून जुना आणि याहून चांगला संस्कार दाखवा. तो होता म्हणूनच हात उचलले गेले. कमी पडला तो पडताळा.

यावर कुणी म्हणेल, काठी हातात घेतलेला माणूस संगणकशास्त्र आठवत बसणार का? नाही बसणार. हेही मान्य. जमाव जमल्यावर फार उशीर झालेला असतो. ज्ञानाचा उपयोग त्याच्या तीन दिवस आधी, निरोप फिरत असताना. एक निरोप पाच जणांना गेला, त्यांतल्या प्रत्येकाने पुढे पाचांना पाठवला, तर आठव्या पायरीला एकट्या त्या पायरीवर ३,९०,६२५ माणसं होतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ५,०२,७९३ आहे. म्हणजे आठ पायऱ्यांत जवळजवळ शहर. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचांनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये अनेक हात फिरून आलेला निरोप एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं, ते याच गणितामुळे. निरोपावर दोन बाण दिसतात ना, त्यांचा अर्थ तो निदान पाच हात फिरून आलाय. आता आपल्याकडची गंमत अशी की पुष्कळ जण ‘फॉरवर्डेड’ असं दिसू नये म्हणून मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवतात. त्याने हातांची मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि पाचशे हात फिरलेली अफवा ताजी, घरची बातमी म्हणून दारात उभी राहते. हे करणारे अप्रामाणिक नसतात. आपण मोजणीचं यंत्र बंद पाडतोय हे त्यांना माहीत नसतं, एवढंच.

कृष्णेचा पूर घ्या, म्हणजे हा मुद्दा सांगलीकराला अंगावरून समजेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात एक निरोप फिरतो: ‘आज रात्री १२ वाजता कोयनेचे सर्व दरवाजे उघडणार.’ यातला ‘आज’ कोणता? संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात डेटाबेस शिकवताना सांगतात की नोंदीत ‘आज’ किंवा ‘काल’ लिहायचं नाही. तारीख आणि वेळ लिहायची, कारण ‘आज’ दर दिवशी खरा ठरतो. तो निरोप दरवर्षी जिवंत होतो तो याच एका शब्दावर. पुढची पायरी एककाची. ‘कोयनेतून १०० टीएमसी पाणी सोडलं’ असं आलं की पोट ढवळतं. कोयना धरण भरलेलं असताना साठाच १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. दर सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. प्रचंड म्हणावा असा १ लाख क्युसेकचा विसर्ग धरला तरी १०० टीएमसी बाहेर पडायला साडेअकरा दिवस लागतील. म्हणजे ज्याने लिहिलं त्याने टीएमसी आणि क्युसेक यांची खिचडी केली. प्रोग्रॅम लिहिताना लिटर आणि रुपये एकाच खान्यात टाकले की तो चुकणारच, ही सवय ज्याच्या हाताला लागली, तो निरोप वाचतानाही आधी एकक बघतो. आणि पुराच्या रात्री खोट्या निरोपाने लोक पळाले की खऱ्या निरोपाला कोणी हलत नाही. लांडगा आला रे आला.

स्क्रीनशॉटचंही तेच. १० सप्टेंबर २०२३ ला सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल झाली, एकाचा जीव गेला, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. त्या प्रकरणात कोणी काय लिहिलं हा तपासाचा आणि न्यायालयाचा विषय. त्यावर इथे भाष्य नाही. सर्वसाधारण प्रश्न असा: स्क्रीनशॉट दाखवला की आपण तो पुरावा का मानतो? संगणकावर कुठलंही पान उघडा, एखाद्या वाक्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ म्हणा, बाजूला उघडणाऱ्या चौकटीत ते वाक्य खोडून हवं ते लिहा. पान तसंच, नाव तेच, फोटो तोच, वाक्य तुमचं. सर्व्हरवर काहीही बदललेलं नसतं, पान रीफ्रेश केलं की मूळ परत येतं, पण मधल्या दहा सेकंदांत घेतलेला स्क्रीनशॉट अस्सल दिसतो. वर्गातल्या चाळीस पोरांकडून हे एकदा करून घ्या, मुख्याध्यापकांच्या नावाने उद्याची सुट्टी जाहीर करायला लावा. हसतील. आणि त्यानंतर कुणी कुणाचा स्क्रीनशॉट नाचवत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ‘मूळ लिंक दे’ हा असेल.

संस्कारवाल्यांचा भाऊबंद म्हणजे सूचनावाला. फोन लावला की कानात वाजायची ती सूचना, बँकेतला फलक, पोलिसांची पत्रकं: ओटीपी कुणाला देऊ नका. इतकी वर्षं सांगूनही लोक का देतात? कारण सूचनेला शब्द पाठ असतो, चोराला पर्यायी शब्द. तो ओटीपी मागतच नाही. ‘पार्सलचा कोड’, ‘गॅसचा नोंदणी नंबर’ मागतो. ज्याला मागचं गणित माहीत आहे तो शब्दात अडकत नाही. सहा आकड्यांचा ओटीपी म्हणजे १० लाख शक्यता. तीनदा चुकला की व्यवहार बंद, तर चोराला संधी १० लाखांत ३. अंदाजाने उघडणं परवडत नाही, म्हणूनच तो तुम्हाला फोन करतो. मोबाइलवर आलेले आणि कुणाला तरी हवे असलेले कुठलेही सहा आकडे ही किल्लीच, तिला नाव काही असो. यूपीआयचा पिनही तसाच: तो आपल्या खात्यातून पैसे काढायची परवानगी आहे, पैसे घ्यायला लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ हे वाक्यच आतून चुकलेलं आहे.

आणि सूचना अक्षरशः पाळूनही लुटलं जाता येतं. लग्नसराईत ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते, शेवटी एपीके. पत्रिका असेल तर ती चित्र असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचं अ‍ॅप. पाहुण्यांचं कार्ड उघडायचं म्हणून आपण ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू द्या’ला होकार देतो, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, त्यालाही होकार. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि तिथूनच चोरालाही पोचतो. आपण कुणालाही काहीही सांगितलेलं नसतं. नियम पाळला, खातं रिकामं. इथे वाचवलं असतं ते दोनच गोष्टींनी: फाइलच्या नावाची शेपटी वाचता येणं, आणि पत्रिकेला माझे मेसेज कशाला वाचायचेत, हा प्रश्न पडणं. असं झालंच तर आधी डेटा आणि वायफाय बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकाला आणि बँकेला कळवायचं, अ‍ॅप नंतर काढायचं. पुष्कळ जण घाबरून उलट करतात; अ‍ॅप उडवतात, चॅट पुसतात आणि तपासाला लागणारा मागही पुसून टाकतात.

तिसरा मुद्दा आमच्या क्षेत्रातल्या माणसांना सगळ्यांत जास्त झोंबणारा आहे: तुम्ही म्हणता ते संगणकशास्त्र आहे कुठे? शाळेत ‘संगणकाचा जनक कोण’ आणि पिढ्या पाठ; पहिली पिढी निर्वात नळ्या, दुसरी ट्रान्झिस्टर. नोकरीसाठी लागतं म्हणून एमएस-सीआयटी, त्यात वर्ड-एक्सेल. सायबर सुरक्षा म्हणून एक धडा, त्याखाली पाच रिकाम्या जागा भरा. हा आक्षेप मी जसाच्या तसा मान्य करतो आणि त्यात भर घालतो. सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठल्याही गावातल्या साधारण लॅबचं चित्र घ्या. सगळ्या मशीनवर एकच लॉगिन, नाव ‘स्टुडंट’, पासवर्ड ‘स्टुडंट’, आणि तोही विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर. एखादं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, अँटिव्हायरस त्याला अडवतो म्हणून अँटिव्हायरस बंद. सबमिशनच्या आठवड्यात एकाचा प्रोग्रॅम साठ जणांच्या जर्नलमध्ये. कधी कधी वरच्या ओळीत मूळ लेखकाचं नावही तसंच छापून येतं आणि खाली सही होते. आणि याच लॅबच्या भिंतीवर ‘सायबर नीती’चं पोस्टर. मुलं काय शिकतात? चोरी चालते, ओळख उसनी देता येते, नोंद कुणी बघत नाही. संगणकशिक्षणाने वर्तन घडतं याचा याहून पक्का पुरावा नको. फक्त उलट्या बाजूने घडतं.

साताऱ्याला तरी हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. अस्पृश्यता वाईट असा धडा पुस्तकात घालून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली, एकत्र राहायला आणि एका पंगतीत जेवायला लावली. धडा व्यवस्थेत होता. पोरगं रोज जे हाताने करत होतं तेच त्याचं मत बनत गेलं. मग लॅबची व्यवस्था रोज जे करून घेते, ते भिंतीवरच्या पोस्टरने पुसलं जाईल अशी अपेक्षा आपण कशी करतो?

एक कसोटी सांगतो, जी थोडंफार शिकलेल्या मुलासमोर कधी ना कधी येतेच. निकालाच्या संकेतस्थळावर स्वतःचे गुण बघताना त्याच्या लक्षात येतं की पत्त्याच्या पट्टीत शेवटी आपला आसनक्रमांक दिसतोय. शेवटचा आकडा बदलला तर दुसऱ्याचे गुण, जन्मतारीख, मोबाइल नंबर. सर्व्हर ‘कोण मागतंय’ हे विचारतच नाही. फार जुनी, फार नेहमीची चूक. न शिकलेल्याला हे दिसणारच नाही, म्हणजे मोहही नाही. विरोधक इथे बरोबर आहेत: ज्ञानाने मोह तयार झाला. पुढे काय होतं? बहुतेक वेळा तो वर्गाच्या ग्रुपवर फुशारकी मारतो, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांचे गुण पाहिलेले असतात, कुणी तरी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळी यादी उतरवून घेतो, आणि चौकशी लागते ती पहिल्या मुलामागे. हाच मुलगा नीट शिकला असेल तर त्याला हेही माहीत असतं की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेतली माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणी आयपी पत्ता आणि वेळेसकट लिहिली जाते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. म्हणून तो पहिल्याच शंकेला थांबतो. फार तर शेजारी बसलेल्या मित्राला विचारून, त्याच्या संमतीने, त्याचा क्रमांक घालून खात्री करतो. काही उतरवून घेत नाही. तारीख, वेळ, पत्ता आणि काय दिसलं हे चार ओळींत लिहून संस्थेला आणि सर्ट-इनला कळवतो, आणि दुरुस्त होईपर्यंत तोंड बंद ठेवतो.

अर्थात संस्थांनीही शिकायला हवं. भोक दाखवणाऱ्या पोराला कार्यालयात उभं करून ‘तुला हे उद्योग सांगितले होते कुणी’ म्हणून झापलं, की पुढच्या वेळी भोक सापडेल, पण कळवणारा सापडणार नाही. मुलांकडून जबाबदारी मागणाऱ्या किती कॉलेजांच्या संकेतस्थळावर अशी तक्रार कुठे पाठवायची याचा एक साधा ईमेल पत्ता आहे?

अभ्यासक्रम बदलायला वर्षं जातात, शिक्षक भरतीला त्याहून जास्त. पण चिकटपट्टीवरचा तो पासवर्ड काढायला कुणाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही. हजेरीपटावरून साठ नावांची यादी एक्सेलमध्ये असतेच. तिच्यावरून साठ वेगळी खाती तयार करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तिसऱ्या वर्षाचा मुलगा एका दुपारी लिहितो, आणि प्रत्येकाला पहिल्या लॉगिनला स्वतःचा पासवर्ड ठेवायला लावता येतं. त्यानंतर कुठल्या मशीनवर कोण कधी बसलं याची नोंद आपोआप राहते; ती महिन्यातून एकदा वर्गाला पडद्यावर दाखवायची, म्हणजे लॉग म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं पासवर्ड विसरतील, तास वाया जाईल, कुरकुर होईल. रीसेट करून द्यायचा, पण ओळखपत्र बघून. आणि ‘सर, तो आज आला नाही, त्याचा मी घेऊन जातो’ म्हणून मित्र आला, तर त्याला परत पाठवायचं.